हायब्रिडचा एसी फुकट नसतो: फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

एप्रिल लागला की आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. यंदा तो नानाकाकांनी टाकला. खाली हात जोडलेले आणि ‘सर्वांनी जपून ठेवा’ अशी ओळ. काकांनी दिवाळीत हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी घेतली, तेव्हापासून ते मनापासून तिची माहिती गोळा करतात. मेसेजचं शीर्षक असं, की हायब्रिड गाडीच्या एसीचे सात नियम, जे शोरूमवाले सांगत नाहीत. दोन दिवसांत तोच मेसेज मला सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग ऑफिसच्या. माझ्याकडे तीन वर्षं हायब्रिड आहे, रोज घोडबंदर रोडच्या वाहतुकीतून जाते, आणि पडद्यावर ऊर्जा कुठून कुठे जातेय ते बघायची मला सवय लागली आहे. त्या सातांतले काही नियम चुकीचे आहेत, काही अर्धवट, आणि एक असा आहे की ज्यामुळे माणूस मरू शकतो. म्हणून ‘धन्यवाद काका’ लिहून पुढे जायचं मनाला पटलं नाही.

ज्यांच्याकडे मेसेज आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक, हायब्रिडचा एसी बॅटरीवर चालतो, पेट्रोल लागत नाही, हवा तेवढा वापरा. दोन, सिग्नलला गाडी न्यूट्रल करा, म्हणजे एसीचा भार पडत नाही. तीन, तापमान ‘लो’वर ठेवा, गार झालं की बंद करा, गरम झालं की पुन्हा लावा. चार, आतलीच हवा फिरवायचं बटण कायम दाबलेलं ठेवा. पाच, घाटात एसी बंद. सहा, एसी जास्त वापरला तर लाखोंची बॅटरी जाते. सात, हायब्रिड उभी असताना धूर सोडत नाही, त्यामुळे शटर लावलेल्या गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये एसी लावून झोपायला हरकत नाही.

आधी एक खुलासा, कारण अर्धा गोंधळ इथेच आहे. आपल्याकडे ‘हायब्रिड’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गाड्या विकल्या जातात: माइल्ड, जिथे मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, आणि स्ट्राँग, जिथे गाडी काही वेळ नुसत्या मोटरवरही चालते. सुझुकीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या तर दोन्ही प्रकारांत मिळतात. माइल्ड हायब्रिडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून गारवा तयार करणारा पंप, जुन्या गाड्यांसारखाच इंजिनाच्या पट्ट्यावर (बेल्टवर) असतो. सिग्नलला इंजिन बंद पडलं की कॉम्प्रेसरही थांबतो, नुसता पंखा फिरतो आणि मिनिटभरात घाम येऊ लागतो. स्ट्राँग हायब्रिडमध्ये, म्हणजे हायक्रॉस, सिटी ई-एचईव्ही आणि वरच्या दोन गाड्यांचे महाग प्रकार, कॉम्प्रेसरला स्वतःची विजेची मोटर असते आणि ती मोठ्या बॅटरीवर चालते. इंजिन थांबलं तरी गारवा चालूच. हे पहिल्या दिवसापासून असं नव्हतं. 1997 साली जपानमध्ये आलेल्या टोयोटाच्या पहिल्या हायब्रिडमध्ये, प्रियसमध्ये, कॉम्प्रेसर पट्ट्यावरच होता, विजेचा कॉम्प्रेसर 2003 च्या दुसऱ्या पिढीत आला. पुढचं सगळं स्ट्राँग हायब्रिडबद्दल आहे.

सातवा नियम आधी, कारण तो जिवाशी खेळ आहे

गेल्या मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमाराला मी आमच्या सोसायटीच्या तळघरात गाडी काढायला गेले. शेजारच्यांची हायब्रिड कोपऱ्यात भिंतीला मागची बाजू लावून उभी होती. काचा बंद, सीट मागे केलेली, आणि त्यांचा ड्रायव्हर आत झोपलेला. मी काचेवर टकटक केली. तो उठला, काच खाली केली आणि म्हणाला, “मॅडम, गाडी बॅटरीवर आहे, इंजिन बंद आहे.” खरंच बंद होतं. मी म्हटलं, दादा, दहा मिनिटं माझ्याबरोबर बाहेर उभे राहा. एसी तसाच चालू ठेवला. सात-आठ मिनिटं झाली असतील, आणि कुणी हात न लावता इंजिन सुरू झालं. मागच्या नळीतून भिंतीवर गरम वारा आपटू लागला. तो माझ्याकडे बघतच राहिला. काही मिनिटांनी इंजिन पुन्हा आपोआप शांत झालं. तो तिथे रोज जेवणानंतर झोपायचा.

यात गाडीचा काही बिघाड नव्हता, गाडी अशीच बनवलेली आहे. हायरायडर आणि ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमधली बॅटरी 0.76 किलोवॅट-तासांची असते. आपल्या लाइट बिलाच्या भाषेत पाऊण युनिट. तेही सगळं वापरायला मिळत नाही. बॅटरी टिकावी म्हणून गाडी वरची आणि खालची दोन्ही टोकं राखून मधल्या पट्ट्यातच काम करते. एसी तासाला साधारण एक युनिट खातो, उन्हाळ्याच्या दुपारी सुरुवातीला त्याहून बराच जास्त. म्हणजे उभ्या गाडीत बॅटरीचा साठा पाव तास, फार तर वीस मिनिटं पुरणार. तो उतरला की इंजिन सुरू होऊन बॅटरी भरणार, मग पुन्हा बंद. डॅशबोर्डवर ‘रेडी’ हा शब्द दिसतोय, म्हणजे गाडी चालू आहे, तोवर हा खेळ पेट्रोल संपेपर्यंत चालू राहतो.

आणि इंजिन चाललं की कार्बन मोनॉक्साइड आलाच. त्याला रंग नाही, वास नाही, ठसका नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीनं घट्ट चिकटतो. जागा असलेला माणूस डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणून बाहेर तरी येईल. झोपलेल्याला ते कळतच नाही. उलट हायब्रिडमध्ये धोका जास्त लपलेला असतो, कारण झोपताना सगळं शांत असतं आणि माणूस निर्धास्त होतो. अमेरिकेत बटणावर सुरू होणाऱ्या गाड्या घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये चुकून चालू राहिल्यामुळे 2006 पासून दोन डझनांहून जास्त माणसं गेली, अशी मोजदाद तिथल्या वृत्तपत्रात 2018 मध्ये छापून आली होती. गाडी बंद केली आहे असं त्यांना वाटत होतं. शांत गाडीत असं वाटणं किती सोपं आहे, हे हायब्रिड चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मी स्वतः एकदा ‘रेडी’ असताना उतरून लिफ्टपर्यंत गेले होते, गाडीने बीप दिली म्हणून परत फिरले.

तेव्हा बंद गॅरेज, तळघर, भिंतीला टेकलेली गाडी, कुठेही एसी लावून झोपायचं नाही. ड्रायव्हरला थांबायला लावत असाल तर त्याच्यासाठी सावलीतली जागा आणि पंखा शोधून द्या, ती मालकाची जबाबदारी आहे. लहान मुलाला ‘एसी चालू आहे ना’ म्हणून आत ठेवून दुकानात जाणं हेही याच माळेतलं.

कुणी म्हणेल, मग ‘रेडी’ न करता, ब्रेकवर पाय न ठेवता नुसतं स्टार्टचं बटण दाबून एसी लावावा. तसं केलं तर मोठी बॅटरी जोडलीच जात नाही, कॉम्प्रेसर फिरत नाही, नुसता पंखा फिरतो, आणि तो फिरतो छोट्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर. ती उतरली की गाडी सुरूच होत नाही, मोठी बॅटरी भरलेली असली तरी.

‘पेट्रोल लागत नाही’

हा समज सगळ्यात जास्त पसरलेला आहे. आपल्याकडच्या या हायब्रिडला बाहेरून चार्जिंगची सोय नाही. बॅटरीत जी वीज येते ती दोनच वाटांनी: इंजिन चालवून, किंवा ब्रेक मारताना आणि उतारावर गाडीचा वेग परत गोळा करून. तो वेगसुद्धा आधी पेट्रोल जाळूनच आलेला असतो. म्हणजे एसीची प्रत्येक थंड झुळूक शेवटी पंपावरूनच आलेली.

किती येते, तेही बघू. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. या गाड्यांचं इंजिन चांगल्या स्थितीत त्यातली 40 टक्क्यांच्या आसपास कामाला लावतं. पुढे जनरेटर आणि बॅटरीत थोडी गळती होते. धरून चाला की एका लिटरमागे तीन युनिट वीज हाती येते. एसीने तासाला एक युनिट खाल्लं, तर तासाला एक तृतीयांश लिटर, म्हणजे तीस-पस्तीस रुपये. घाबरण्याएवढं नाही, पण फुकटही नाही.

खरी गंमत पुढे आहे, आणि ती कळली की मायलेजबद्दलच्या निम्म्या तक्रारी सुटतात. एसीचं मीटर किलोमीटरवर पळत नाही, तासावर पळतं, रिक्षाच्या वेटिंग चार्जसारखं. हायवेला तासात 80 किलोमीटर गेलात आणि गाडी एसीशिवाय लिटरला 22 देत असेल, तर साडेतीन लिटरच्या वर पेट्रोल जळतं, त्यात एसीचा तिसरा हिस्सा लिटर मिळवला तर मायलेज 20 वर येतं. फारसं जाणवणारही नाही. पण घोडबंदरला तासात 15 किलोमीटर सरकलात, आणि एसीशिवाय 25 मिळत असतील, तर पेट्रोल जळतं जेमतेम सहा दशांश लिटर. त्यात तोच तिसरा हिस्सा मिळवा. मायलेज 25 वरून थेट 16 वर. मे महिन्यात ‘कंपनीने 27.97 सांगितलं होतं, मला 16 कसं’ म्हणून जे लोक सर्व्हिस सेंटरला भांडतात, त्यांच्या गाडीत बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. गाडी रांगेत उभी होती आणि एसीचं मीटर चालू होतं, इतकंच.

म्हणून एसी बंद करून उकडत बसा, असं मी म्हणणार नाही. घामाघूम, चिडलेला माणूस स्टीअरिंगमागे असणं जास्त महागात पडतं. पण निघायची वेळ अर्धा तास अलीकडे नेऊन रांग टाळली तर जेवढं पेट्रोल वाचतं, तेवढं एसीच्या कुठल्याही बटणाने वाचत नाही.

न्यूट्रलची सवय

हा नियम जुन्या गाड्यांतून उचललेला आहे आणि इथे नेमका उलटा पडतो. टोयोटा आणि सुझुकीच्या या हायब्रिडमध्ये गिअर ‘एन’वर असेल तर इंजिन चालू असलं तरी मोठी बॅटरी भरली जात नाही, मॅन्युअलमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. एसी मात्र तिच्यातूनच वीज ओढत राहतो. म्हणजे सिग्नलला न्यूट्रल करून तुम्ही एसीचा भार कमी करत नाही, भरायचा नळ बंद करता आणि सांडायचा चालू ठेवता. सिग्नलला ‘डी’वरच राहू द्या, ब्रेक होल्ड लावा. रेल्वे फाटकासारखं लांबलचक थांबायचं असेल तर ‘पी’. उतारावर न्यूट्रल तर कुठल्याच गाडीत नको, आणि हायब्रिडमध्ये त्यात आणखी एक तोटा आहे, तो घाटाच्या मुद्द्यात येईल.

‘लो’ लावा, बंद करा, पुन्हा लावा

जुन्या एसीत कॉम्प्रेसर ‘टक’ करून लागायचा आणि ‘टक’ करून सुटायचा. तो एकतर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद. हायब्रिडचा कॉम्प्रेसर घरच्या इन्व्हर्टर एसीसारखा आहे, गरज असेल तेवढ्याच वेगाने फिरतो. कमी वेगात संथपणे फिरत राहणं हेच त्याचं सगळ्यात काटकसरीचं काम. चालू-बंद करत राहिलात की दर वेळी तापलेला डबा पुन्हा गार करायला तो वरच्या वेगात धावतो.

‘लो’ म्हणजे खूप थंड असंच नाही. ‘लो’ म्हणजे तापमानाचा हिशेब ठेवणं बंद. त्यावर गाडी कितीही गार झाली तरी यंत्र जोर कमी करत नाही. ऑटोवर 24 लावलंत तरी तापलेल्या गाडीत सुरुवातीला पंखा आणि कॉम्प्रेसर जोरातच धावतात, कारण आतलं तापमान आणि तुमचा आकडा यांत मोठं अंतर असतं. अंतर कमी झालं की ते आपण होऊन मंदावतात. घरच्या एसीसाठी ऊर्जा दक्षता ब्युरोने 24 अंशांचा आग्रह धरला आणि एका अंशाने तापमान वाढवलं तर सहा टक्क्यांच्या आसपास वीज वाचते असं सांगितलं. गाडीत तोच टक्का लागू होईल असं नाही, पण दिशा तीच आहे. मी उन्हाळ्यात 25 ठेवते, सासूबाई शेजारी असल्या तर 26.

इको मोडबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. इको लावलं की गाडी एसीचा जोर आणि पंखाही हात राखून वापरते. रोजच्या प्रवासाला ते छान. पण दुपारी तीनला उन्हात उभी असलेली गाडी काढताना पहिली पाच मिनिटं नॉर्मलवर राहा, गाडी गार झाली की इको लावा.

ऑटो नीट चालत नाही अशी तक्रार येते, तेव्हा मी आधी डॅशबोर्ड बघायला सांगते. काचेजवळ एक काळं, बटणासारखं उंचवटलेलं टिंब असतं. तो उन्हाचा सेन्सर. ऊन किती लागतंय ते बघून एसी जोर ठरवतो. आपण गाडी घेतली की पहिल्याच दिवशी डॅशबोर्डवर गणपती बसवतो, खाली मखमलीचं आसन ठेवतो, आणि कितीतरी गाड्यांत ते आसन नेमकं त्या टिंबावर येतं. मग यंत्राला वाटतं बाहेर सावली आहे. नानाकाकांच्या गाडीत हेच झालं होतं. मूर्ती चार बोटं डावीकडे सरकवली आणि ‘एसी कमजोर आहे’ ही तक्रार त्याच दिवशी संपली. तसंच स्टीअरिंगच्या आसपास एक छोटी जाळी असते, ती आतल्या हवेचं तापमान मोजते. तिथे मोबाइलचा स्टँड चिकटवू नका.

आणि गाडी मुळात तापू न देणं हा उपाय सगळ्यात स्वस्त आहे. झाडाखाली लावा, नाहीतर पुढच्या काचेला चंदेरी पडदा. निघताना चारही काचा उघडून पंखा जोरात ठेवून शंभर-दोनशे मीटर जा, आतली भट्टी बाहेर जाऊ द्या, मग काचा लावा. ते काम कॉम्प्रेसरकडून करून घेण्यात अर्थ नाही.

आतली हवा, बाहेरची हवा

हा नियम अर्धा बरोबर आहे. 40 अंशांची बाहेरची हवा सतत गार करत बसण्यापेक्षा आतली गार हवा फिरवणं सोपं, हे खरं. उन्हाळ्यात, धुळीत, ट्रकच्या मागे ते बटण दाबलेलंच हवं. पण ‘कायम’ नको. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत सव्वाचारशेच्या आसपास असतो. चार माणसं बसलेल्या बंद गाडीत तो बघता बघता काही हजारांवर जातो. जीव जात नाही, पण डोळे जड होतात, जांभया येतात. समृद्धीसारख्या सरळसोट रस्त्यावर दुपारी ड्रायव्हरच्या डोळ्यावर येणाऱ्या झापडेत याचाही हात असतो. अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटं बाहेरची हवा घ्या.

पावसाळ्यात तर हा नियम सरळ घातक आहे. माळशेजला, ताम्हिणीला किंवा आंबोलीला जुलैत गेलेल्यांना माहीत आहे की पुढची काच क्षणात पांढरी होते. अशा वेळी एका बोटाने काच आतून पुसून बघा. रेघ उमटली तर वाफ आतली आहे, तुमच्या श्वासाची, ओल्या छत्रीची. आतलीच हवा फिरवत राहिलात तर ती वाढतच जाणार. बाहेरची हवा, एसी चालू, वारा काचेवर. एसी हवा कोरडी करतो, म्हणून गारव्याची गरज नसली तरी तो हवाच. आणि बोट फिरवून रेघ उमटली नाही, तर वाफ बाहेरच्या बाजूला आहे. एसीने काच इतकी गार झाली आहे की बाहेरची दमट हवा तिच्यावर दव होऊन बसतेय, थंड पाण्याच्या ग्लासाला बाहेरून थेंब धरतात तसं. तेव्हा लोक घाबरून एसी आणखी जोरात लावतात आणि काच आणखी पांढरी होते. वायपर एकदा फिरवा, वारा काचेवरून काढून पायाकडे वळवा, तापमान दोन-तीन अंश वाढवा. हा फरक प्रत्येक ड्रायव्हिंग शाळेत शिकवायला हवा असं मला मनापासून वाटतं.

थंडीतल्या हीटरचं गणित वेगळं आहे. बहुतेक हायब्रिडमध्ये तो इंजिनाच्या गरम पाण्यावर चालतो, त्यामुळे हीटर लावला की निव्वळ पाणी गरम ठेवायला इंजिन सुरू राहतं. निफाडच्या पहाटेला पंधरा मिनिटांचा प्रश्न असतो. न्यू जर्सीतल्या माझ्या मामेबहिणीला चार महिने तेच, ती सीटचा हीटर लावते आणि हवेचा हीटर दोन अंश खाली ठेवते.

घाटात एसी बंद

आठशे सीसीच्या गाडीत चार माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या घालून कशेडी चढलेल्या पिढीचा हा नियम आहे, आणि त्या गाडीत तो शंभर टक्के बरोबर होता. हायरायडरची एकूण ताकद 85 किलोवॅट, एसी घेतो एक-दीड. दोन टक्क्यांहून कमी. चढावर ते पायाला जाणवतही नाही.

उतारावर तर उलटच करायला हवं. कसारा उतरताना पडद्यावर बॅटरीचे रकाने भराभर वर चढतात. मधेच बॅटरी काठोकाठ भरते आणि मग परत मिळणारी ऊर्जा ठेवायला जागाच उरत नाही, गाडी इंजिन नुसतं फिरवून ती वाया घालवते. पूर्ण प्रवासात एसी जवळजवळ फुकट असण्याची ही एकच जागा. मी घाटमाथ्यावरच 23 करून ठेवते आणि खाली आले की पुन्हा 25. न्यूट्रलमध्ये उतरलात तर हे काहीच पदरात पडत नाही, वर ब्रेक तापतात ते वेगळंच.

‘बॅटरी जाते’

पहिला नियम म्हणतो हवा तेवढा वापरा, सहावा म्हणतो वापराल तर बॅटरी जाईल. एकाच मेसेजमध्ये दोन्ही, आणि हजारो लोकांनी पुढे पाठवलं.

बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. या गाड्यांमधली बॅटरी बहुतेक वेळा गाडीच्या आतलीच हवा ओढून गार होते. म्हणजे तुम्ही गारव्यात बसलात तर बॅटरीही गारव्यात बसते. काचा उघड्या टाकून 42 अंशांत विदर्भातून जाणारी हायब्रिड बॅटरीवर जास्त अन्याय करते. कंपन्या बॅटरीला आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची हमी देतात, ती एसी बंद ठेवण्याच्या अटीवर नाही.

खरा त्रास दोन गोष्टींनी होतो, एकीने बॅटरीला आणि दुसरीने कॉम्प्रेसरला, आणि मेसेजमध्ये दोन्ही नाहीत. एक, बॅटरीसाठी हवा ओढणारी जाळी तुंबणं. बऱ्याच गाड्यांत ती मागच्या सीटच्या खाली किंवा बाजूला असते, मॅन्युअलमध्ये चित्र आहे. तिथे पोरांची चादर पडते, किराण्याची पिशवी टेकते, कुत्र्याचे केस अडकतात.

दुसरी गोष्ट एसीचा गॅस भरण्याची. आमच्या ओळखीच्या एकांनी हायब्रिडमध्ये कोपऱ्यावरच्या गॅरेजात गॅस भरून घेतला, दीड हजारात काम झालं म्हणून खूश होते. गॅस तोच असतो, पण त्याबरोबर कॉम्प्रेसरमध्ये तेल जातं, आणि तिथे घोळ आहे. पट्ट्यावरच्या कॉम्प्रेसरला जे तेल चालतं ते विजेच्या कॉम्प्रेसरला चालत नाही. यात मोटरची वेटोळी गॅस आणि तेलातच बुडालेली असतात, म्हणून विजेला अडवणारं वेगळं तेल लागतं. साधं तेल थोडंसं मिसळलं तरी विजेची गळती सुरू होते, गाडीला ती कळते आणि ती सुरू व्हायलाच नकार देते. त्यांच्या गाडीचं तसंच झालं, आणि कॉम्प्रेसर बदलण्यापर्यंत पाळी आली. नारिंगी रंगाच्या जाड वायरी जिथे दिसतील तिथे उच्च दाबाची वीज आहे. गॅस भरायचा असेल तर ‘हायब्रिडच्या कॉम्प्रेसरचं तेल वेगळं आहे, ते तुमच्याकडे आहे का, आणि भरायचं मशीन स्वच्छ केलेलं आहे का’ हे विचारा. उत्तर द्यायला माणूस अडखळला तर गाडी वळवा.

नानाकाका, हे सगळं मी ग्रुपवरही टाकणार आहे, त्याच मेसेजच्या खाली. तुमच्या ड्रायव्हरला सातव्या नियमाबद्दल आजच फोन करा. रविवारी मी येते तेव्हा मागच्या सीटखालची जाळी उघडून बघू, मऊ ब्रश मी घेऊन येते.